अंगावरून वारे गेल्यावर

अमक्याच्या अंगावरून वारे गेले, असे आपल्याकडे म्हणतात. कोणी लकवा म्हणतो, कोणी अर्धांगवायू. पुस्तकात पक्षाघात हा शब्द सापडतो. नावे निराळी, दुखणे एकच. वाऱ्याचा मात्र त्यात काही संबंध नाही. हात हलत नाही, पाय उचलत नाही, पण बिघाड हातात किंवा पायात नसतो. तो मेंदूत झालेला असतो.

आपण शेताला पाटाने पाणी देतो. पाटाच्या पाण्याचे मोल आम्हा सुपेकरांना कोणी सांगायला नको. आमचा भाग जिरायत, पाऊस बेताचा. तर पाटाने जसे वाफ्याला पाणी, तसे बारीक बारीक नळ्यांतून मेंदूला रक्त जाते. पाटात गाळ साचला की पुढचे वाफे कोरडे राहतात. नळीत रक्ताची गुठळी अडकली की मेंदूचा तेवढा भाग असाच मरतो. कधी पाटच फुटतो आणि रक्त नको तिथे पसरते. बहुतेकांना पहिला प्रकार होतो, काहींना दुसरा. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूला हुकूम देते आणि उजवी बाजू डाव्या बाजूला. म्हणून डोक्यात डावीकडे बिघाड झाला, तर उजवा हात नि पाय जातो. पुष्कळदा वाचाही जाते.

पाट तुंबतो का, फुटतो का? सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. लोक त्याला बीपी म्हणतात. मग तंबाखू, बिडी, दारू, मधुमेह.

आमच्या थोरल्या बंधूंना हे दुखणे झाले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पहाटे गोठ्यात गेले आणि धार काढता काढता कलंडले. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, बोलायला गेले तर नुसता आवाज निघाला. माणसे जमली. कोणी म्हणाले, कबुतराचे रक्त चोळा. कोणी म्हणाले, आधी भगताला विचारा. वहिनींनी कोणाचे ऐकले नाही. त्यांनी पोराला १०८ नंबरला फोन करायला लावला. हे त्यांनी फार चांगले केले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते, पण ते साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही डोक्याचा फोटो काढून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. आमचे दादा वेळेत पोचले. जीव वाचला, पायात थोडी ताकद आली, आणि काही दिवसांनी ते घरी आले.

लोकांना वाटले, दुखणे संपले. खरे पाहता घरच्यांचे काम तिथून सुरू झाले. एकदा झटका आला की पुन्हा येण्याची भीती असते, आणि पहिल्या काही महिन्यांत ती सर्वांत जास्त. पाश्चात्य देशांतली गणती अशी आहे, की दर चार झटक्यांत एक झटका आधी येऊन गेलेल्या माणसालाच आलेला असतो. दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट. तो टाळायचा तर गोळी रोज हवी, मीठ कमी हवे, तंबाखू सुटायला हवी, अंग हलायला हवे. डॉक्टरांनी हे सगळे कागदावर लिहून दिले होते. पण सत्तर वर्षांच्या सवयी कागदाने कशा बदलणार?

आम्ही पडलो हेडमास्तर. आम्ही एक पुठ्ठा घेतला, त्यावर ठळक अक्षरांत अकरा नियम लिहिले आणि दादांच्या बाजेसमोर टांगले. रोज संध्याकाळी जाऊन हजेरी घेऊ लागलो. गोळी घेतली का? चाललात का? तंबाखू खाल्ली का? दादा खाली मान घालून बसत. आठव्या दिवशी त्यांनी आम्हाला पाहिले आणि भिंतीकडे तोंड केले. वहिनी आम्हाला ओसरीवर घेऊन आल्या नि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, शाळेतली पोरं तुम्हाला भीत होती म्हणून ऐकत होती. हे तुमचे थोरले भाऊ हाईत. त्यांना असं पोरांसारखं बोलू नका." आम्ही पुठ्ठा काढून घरी आणला.

घरातले बाकीचे लोक दुसरीच चूक करत होते. सून घास भरवी. नातू पाणी तोंडाला लावी. लेक सदरा चढवी. "आबा, तुम्ही फक्त पडून राहा." मायेपोटीच करत होते ते. पण न वापरलेले औत गंजते, तसे न वापरलेले अंग आखडते. आम्ही धाक दाखवत होतो, ते लाड करत होते. दोन्हींत दादांना स्वतः काही करायला मिळत नव्हते.

आता वाचकहो, एक आठवण करा. तुम्ही थोड्याच दिवसांपूर्वी पहिले अक्षर काढले असेल. 'ग' ची काठी कशी हलत होती? पेन्सिल मुठीत कशी दाबून धरली होती? गिरवता गिरवता हात वळला. तुमचा हात तोच होता. शिकला तो मेंदू. झटक्यानंतर असेच होते. मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही, पण शेजारचे भाग त्याचे काम थोडे थोडे शिकतात. एक पाट बुजला तर दुसरी चारी काढून पाणी नेता येते. ती चारी मात्र रोज खोदावी लागते. पहिले तीन-चार महिने सुधारणा भरभर होते, पुढे सावकाश होते, पण थांबत नाही. म्हणून अशा माणसाला नुसता रोगी समजू नये. तो पुन्हा बिगारीच्या वर्गात बसलेला असतो. आणि प्रौढ माणसाला शिकवताना त्याचा मान ठेवावा लागतो, हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे.

याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. जोतीराव फुले यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. त्यांच्या घराण्याचे गाव खानवडी, आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे ते हेच. मे १८८८ मध्ये मुंबईला लोकांनी सभा भरवून त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांच्या अंगावरून वारे गेले. वय एकसष्ट. उजवी बाजू लुळी झाली. ज्या हाताने 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो हात पडला. (त्या पुस्तकात कर्जाने बुडालेल्या शेतकऱ्याची हकिगत आहे. त्याच्या आधी, १२ मे १८७५ रोजी, आपल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जाचे कागद जाळले होते. वाचता येत नव्हते म्हणून कशावर अंगठा उठवला हेही त्यांना कळत नसे.) जोतीराव थांबले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा सबंध ग्रंथ त्यांनी डाव्या हाताने लिहिला आणि १८८९ मध्ये पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. ग्रंथ १८९१ साली छापून निघाला.

डाव्या हाताने एक ओळ लिहून पाहा, म्हणजे हे काम काय होते ते कळेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जोतीरावांच्या वेळी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र नव्हते. ते इटलीतल्या रिवा-रोची नावाच्या डॉक्टराने १८९६ साली काढले. दाब उतरवणाऱ्या गोळ्या तर पुष्कळ पुढच्या. त्यांना जे मिळू शकले नाही, ते आज आपल्या उपकेंद्रात मिळते. मोजणी फुकट, साध्या गोळ्याही फुकट. मोठ्या आजारांसाठी राज्याची जी आरोग्य योजना आहे, तिला नावच महात्मा जोतीराव फुले यांचे आहे. आणि तरीही आपली माणसे गोळी सोडतात!

दादांनीही सोडली. चौथ्या महिन्यात. "आता बरं वाटतंय. गोळीची सवय लागली म्हंजे सुटत न्हाई," असे कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवले. त्यांनी आठ-दहा दिवस गोळ्या बाजेखाली टाकल्या. एके दिवशी चहा पिताना ओठाच्या कडेतून चहा गळू लागला, जीभ जड झाली. दहा मिनिटांत पुन्हा सगळे ठीक. दादा हसायला लागले. पण हे हसण्यासारखे नव्हते. असा छोटा झटका आपोआप जातो, पण तो मोठ्याची वर्दी देऊन जातो. तो गेला तरी त्याच दिवशी, ताबडतोब, दवाखान्यात जावे. आम्ही दादांना नेले. दाब मोजला तर वरचा आकडा १९० होता.

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून "बरे वाटते" हा काही पुरावा नव्हे. पट्ट्यावरचा आकडा हाच पुरावा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे राहिला तर दाब वाढलेला आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर पुष्कळदा १३० आणि ८० च्या खाली ठेवायला सांगतात. गोळी घेतो म्हणूनच दाब ताब्यात असतो. बांध घातला म्हणून पाणी अडले. पाणी अडले आहे, आता बांध कशाला, असे कोणी म्हणते का? आणि एक. शेजाऱ्याला गोळी लागू पडली म्हणून तीच आणू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी गुठळीच्या रोग्याला तारते, पण रक्तस्राव झालेल्याला मारू शकते.

यानंतर वहिनींनी कारभार आपल्या हाती घेतला. त्यांनी दादांना काहीच सांगितले नाही. सकाळचा चहा पुढे ठेवायचा, शेजारी गोळीची पिशवी ठेवायची आणि आपण समोर बसून राहायचे. दादा डाव्या हाताने गोळी काढायचे, घ्यायचे. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर डाव्या हाताने फुली मारायची. पहिली फुली तीन तारखांवर पसरली होती. वहिनी हसल्या, दादाही हसले. यात युक्ती एवढीच की नवी सवय जुन्या सवयीच्या गळ्यात बांधायची. चहा कोणी विसरत नाही. लंडनमध्ये काही संशोधकांनी पाहिले, की साधी नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात. कोणाला कमी, कोणाला कितीतरी जास्त. म्हणजे दोन-अडीच महिने तरी धीर धरावा. एखादा दिवस चुकला तर बोभाटा करू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी ठेवावी.

गोळीच्या पाकिटावर नाव बहुधा इंग्रजीत असते. तुम्हाला आता लिहिता येते. दोन कागदी पिशव्या घ्या. एकीवर 'सकाळ' लिहा, दुसरीवर 'रात्र'. कोणती गोळी कुठे, ते आशाताईंना किंवा दुकानदाराला विचारून भरा. गोळ्या संपायच्या आधी चार दिवस नव्या आणा.

मिठाचे काम अवघड गेले. दिवसाला एका माणसाला सगळे मिळून पाच ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. आपल्याकडे ते एका जेवणात जाते. ठेचा, लोणचे, पापड, खरडा, वर भाकरीबरोबर मिठाची चिमूट. दादांचे एकट्याचे अळणी शिजवले असते तर त्यांनी ताट सारले असते. वहिनींनी सगळ्या घराचेच मीठ थोडे थोडे उतरवले. लोणच्याची बरणी फळीवरून माळ्यावर गेली. कालवणात लसूण, जिरे, कोथिंबीर, लिंबू वाढले. महिन्याभरात जिभेला सवय झाली. बाहेरचे फरसाण, वेफर यांत मीठ पोत्याने असते. नातवंडांनाही ते आणायचे बंद झाले.

तंबाखूची चंची दादांच्या कमरेला पन्नास वर्षे होती. ती हिसकावून घेऊ नये. हिसकावली तर दुसरी येते. लेकाने आपली स्वतःची पुडी आधी टाकली, बापासमोर. मग घरात तंबाखू येईना. तलफ आली की ती थोड्या वेळाने ओसरते. तेवढ्यात बडीशेप द्यावी, पाणी द्यावे, दोन पावले चालवावे. दादा दोनदा घसरले. चावडीवर कोणीतरी मायेने चिमूट पुढे केली. अशी माया करणाऱ्याला आम्ही हात जोडतो. आमच्या ओळखीच्या किती बायका मिश्री लावतात! मिश्री म्हणजे तंबाखूच. तिची गणती कोणी करत नाही.

बायकांवरून आठवले. घरच्या बाईला झटका आला तर पुष्कळ घरांत तिची तपासणी राहून जाते. महिन्याभरात ती एका हाताने भाकरी थापायला बसते आणि लोक म्हणतात, बरी झाली. तिलाही गोळीची पिशवी हवी, तिच्याबरोबरही कोणी चालायला हवे.

चालण्याचे सांगतो. दादा पहिल्यांदा बाजेच्या कडेवर बसून उभे राहिले आणि खाली बसले. असे पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. मग उंबऱ्यापर्यंत. मग ओसरीच्या खांबापर्यंत. मग दारातल्या लिंबापर्यंत. मारुतीच्या देवळापर्यंत जायला सहा महिने लागले. बरोबरच्या माणसाने अधू बाजूला उभे राहावे. अधू हाताला धरून ओढू नये, खांदा निखळतो. कमरेला आधार द्यावा. पायात सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. सदरा घालताना आधी अधू हात घालावा, काढताना आधी चांगला हात काढावा. एवढे कळले की माणूस आपला सदरा आपण घालतो, आणि त्याने त्याचा चेहरा बदलतो. भरवू नका, पण जेवताना ताठ बसवा. पडल्या पडल्या पाणी पाजू नका. घास घेताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, अन्न फुप्फुसात जाते.

दादांना काम हवे होते. वहिनींनी भुईमुगाच्या शेंगांची पाटी पुढे ठेवली. "बियाण्याला शेंगा फोडायच्यात, माझ्याच्यानं एकटीनं व्हत न्हाई." दादा डाव्या हाताने फोडत, उजव्या हाताने नुसती शेंग दाबून धरत. ती धरणे हाच व्यायाम. दवाखान्यात रबरी चेंडू देतात, त्याहून ही पाटी त्यांना आवडली.

बोलण्याचे तर नवलच. वाचा गेली म्हणजे समज गेली असे नव्हे. पुष्कळांना सगळे कळत असते, शब्द तेवढा सापडत नाही. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू नये. आपण सावकाश, लहान वाक्यांत बोलावे आणि उत्तराची वाट पाहावी. मधेच शब्द पुरवू नये. शिक्षकाला हे फार जड जाते, आम्ही स्वतःवरून सांगतो. दादा दर वर्षी तुकोबांच्या पालखीला उंडवडीला जात, भजनात टाळ धरत. आमचे भजनी मंडळ एका एकादशीला त्यांच्या ओसरीवर बसले. ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हते, तो सबंध अभंग चालीवर म्हणून गेला. लोकांना चमत्कार वाटला. चमत्कार नव्हे. नवे वाक्य जुळवणे हे बहुतेकांत डाव्या मेंदूचे काम. चाल आणि तोंडपाठ शब्द यांत उजवा मेंदूही हात देतो. म्हणून गाणे, ओव्या, पाढे म्हणायला लावावे. त्यातून पुढे बोलणे उघडते. दर एकादशीला मंडळ आता तिथेच बसते.

दादा कधी कधी उगाच रडत. कधी नको तिथे हसत. तेही मेंदूच्या इजेमुळे होते, त्यावर रागावू नये. पण दिवसेंदिवस गप्प बसणे, जेवण टाकणे, "मला कशाला वाचवलं" म्हणणे हे निराळे. झटक्यानंतर तीन माणसांत साधारण एकाचे मन असे खचते. त्यालाही औषध आहे. डॉक्टरांना सांगायला लाजू नये. आणि जी बाई रात्री उठून त्याची कूस बदलते, तिला कोणी तरी दुपारी दोन तास झोपू द्यावे. वहिनींसाठी आम्ही आता मंगळवारी आणि शनिवारी दुपारी दादांजवळ बसतो. नियम सांगत नाही. दोघे मिळून शेंगा फोडतो.

परवा तपासणी आहे. दादा बारामतीला जाणार. वहिनींनी पिशवी भरून ठेवली आहे: डॉक्टरांचे कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटे, चष्मा, भाकरी, पाण्याची बाटली, आणि भिंतीवरून काढलेले कॅलेंडर. फुल्या आता आपापल्या चौकटीत बसतात. मागच्या महिन्यात दोन तारखा मोकळ्या आहेत. डॉक्टर त्याबद्दल विचारतील. दादांनी उत्तर तयार केले आहे, आणि ते त्यांना स्वतःला सांगायचे आहे.